गुरुवारची कविता

अमुक कवीने इंग्रजी साहित्यावर कोणता कायमचा ठसा उमटवला, असा एक प्रश्न बी.ए.च्या इंग्रजीच्या पेपरात हमखास येतो म्हणे. मी मराठीचा माणूस. मला त्याचं उत्तर येत नाही, आणि आलं असतं तरी मी लिहिलं नसतं. इंग्रजी साहित्याचं जे व्हायचं ते होवो. त्या कवींचा दिवेआगरच्या एका बाईवर काय परिणाम झाला, तेवढं मात्र मला पक्कं माहीत आहे, कारण शिक्षकांच्या खोलीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर मी अख्खी नोकरी काढली.

त्या अनुसूयाबाई. आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या, मी मराठी. त्या मला ‘अहो मराठीवाले’ म्हणायच्या, मी त्यांना ‘इंग्रजीवाल्या बाई’. आमचं भांडण गावात प्रसिद्ध होतं. मी म्हणायचो, ज्या भाषेत फणसाच्या आठळीला धड शब्द नाही त्या भाषेत लिहून लिहून लिहिणार काय. त्या म्हणायच्या, तुम्ही आठळ्या खा, आम्ही कविता म्हणतो. असं बोलून त्या डब्यातल्या आठळ्यांची भाजी माझ्याच पुढे सरकवायच्या, त्यामुळे भांडण कधी तडीला गेलं नाही.

बाईंचं इंग्रजी पुस्तकातून आलेलं नव्हतं, परवच्यातून आलेलं होतं. त्यांचे वडील मुंबईच्या गोदीत कारकून होते. नोकरी संपल्यावर ते वाडी सांभाळायला गावी आले आणि येताना साहेबाच्या भाषेची भक्ती घेऊन आले. तिन्हीसांजेला दिवा लागला की घरातली पोरं ओटीवर मांडी घालून बसायची. आधी पाढे, मग महिने, नक्षत्रं, स्तोत्रं, आणि शेवटी एक इंग्रजी कविता. तीही पाढ्यांच्याच चालीवर, पुढे-मागे डुलत. अर्थबिर्थ कुणी विचारायचा नाही. स्तोत्राचा तरी कुठे विचारत होते?

कवी सात होते, आठवड्याच्या सात वारांचे सात. कुणी नाटकं लिहिणारा, कुणी तरुणपणीच खोकून खोकून गेलेला, कुणी नुसता रानातून भटकणारा. नावं सांगत नाही. इंग्रजीवाल्यांना ती माहीत असतील आणि मराठीवाल्यांना नको आहेत. बाईंनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, ‘म्हणजे तुमच्या वडिलांनी इंग्रज कवींनासुद्धा उपासाचे वार वाटून दिले म्हणा की.’ सगळी खोली हसली, बाईही हसल्या. मग ती गोष्ट मी विसरून गेलो. विनोद करणाऱ्याला विनोद तेवढा लक्षात राहतो.

शिकवायच्याही त्या तशाच. भरडखोलच्या कोळीवाड्यातली पोरं, वाड्यांमधली पोरं, सगळ्यांना एका सुरात डोलायला लावायच्या. बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, आत आरती चालली आहे. एक कविता बर्फाची होती, बुधवारची. रात्रीत बर्फ पडतो, सगळं रान पांढरं होतं, अशी काहीतरी. आमच्या पोरांनी बर्फ पाहिलेला तो मासळीच्या पेटीतला. एकाने विचारलं, ‘बाई, येवढा बरफ पडला तर मासली किती दिवस टिकंल?’ बाईंनी त्याला रागावलं नाही. म्हणाल्या, ‘कवीला हे सुचलं नाही बघ. तू म्हण, तुला येतंय ते म्हण.’

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. परीक्षेत ‘कवीला या ओळींतून काय सुचवायचे आहे?’ हा प्रश्न असतो, इंग्रजीतही आणि माझ्या मराठीतही. त्याची उत्तरं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिली. बाईंना तो प्रश्न डोळ्यासमोर नको असायचा. ‘कवीला जे म्हणायचंय ते त्याने म्हटलंय. तुम्ही फक्त म्हणा,’ असं पोरांना सांगायच्या. मग पोरं नापास व्हायला लागली की तोंड वाकडं करून माझ्याकडूनच उत्तराचा साचा घेऊन जायच्या.

निवृत्तीनंतर नवरा गेला, मुलगा अनीश पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, तिकडचाच झाला. बाई वाडीत एकट्या राहिल्या. वादळाने त्यांची जवळजवळ सगळी पोफळ आडवी केली तेव्हा अनीश म्हणाला होता, आई, आता पुरे, चल. बाईंनी त्याला ओटीवर बसवून जेवायला वाढलं आणि दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून नवी रोपं लावायला घेतली. तेव्हा त्यांना बोलता येत होतं.

यंदा मे महिन्यात त्यांना झटका आला. कोकिळा सकाळी मासळी घेऊन आली होती, तिने त्यांना विहिरीपाशी पडलेलं पाहिलं. ही कोकिळा भरडखोलची, बाईंचीच विद्यार्थिनी, दहावीला इंग्रजीतच आपटलेली. तिने आरडाओरडा करून रिक्षा आणवली. म्हसळ्यावरून माणगाव, तिथून पुढे मुंबई. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं.

गेलं म्हणजे मराठी गेलं. आईचं नाव, मुलाचं नाव, पाणी, भात, ‘अहो मराठीवाले’, सगळं. हॉस्पिटलात दिवेलागणीच्या वेळी परिचारिकेने खिडकीचा पडदा ओढला आणि बाई एकदम स्वच्छ, खणखणीत इंग्रजी कविता म्हणायला लागल्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, पाढ्याच्या चालीवर. अनीशला वाटलं आई बरी झाली. त्याने विचारलं, ‘आई, पाणी देऊ?’ तर बाईंच्या तोंडून फक्त ‘ता, ता’ असा आवाज निघाला, आणि त्यांचा त्यांनाच इतका राग आला की त्यांनी डावा हात गादीवर आपटला.

डॉक्टर म्हणाले, होतं असं. बोलण्याची जागा मेंदूत एकीकडे असते आणि लहानपणी घोकलेलं दुसरीकडे. घर जळालं तरी कोपऱ्यातली एखादी पेटी वाचते, तसं समजा. मी मनात म्हटलं, वाचायचीच होती तर इंग्रजी पेटी कशाला वाचली? पण बाईंसमोर बसल्यावर माझा सगळा खवचटपणा गळून जायचा. मी माझ्या भाषेचा इतका अभिमान मिरवलेला, आणि जिच्याशी मी ती बोलायचो त्या बाईंजवळ आता तिचा एक शब्दही शिल्लक नव्हता.

बाईंना गावी आणल्यावर कोकिळा दिवसभर त्यांच्याकडे राहू लागली. मी रोज संध्याकाळी जायचो. दिवा लागला की बाई कविता म्हणायच्या. कोकिळा भाजी निवडता निवडता मधूनच पुढची ओळ उचलायची. मी थक्क झालो तर म्हणाली, ‘सर, काय बोलताव ता मला तवाबी कलला न्हाय नि आताबी कलत न्हाय. पन चाल वलखीची हाय.’ दोघी मिळून म्हणायच्या तेव्हा बाईंचा वाकडा झालेला चेहरा थोडा सरळ व्हायचा. मला ते पाहवायचंही नाही आणि सोडवायचंही नाही.

पावसाळा सरत आला तसा खरा प्रश्न पुढे आला. बाईंना पुण्याला न्यायचं की इथेच ठेवायचं? अनीश वाईट मुलगा नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. दर शनिवार-रविवार तो गाडी हाकत घाट उतरून यायचा. पण कोकिळेला तिचं घर होतं, रात्रीला दुसरी बाई टिकत नव्हती, आणि पुन्हा काही झालं तर माणगावपर्यंतचा रस्ता हा असा. बाईंना इथे ठेवायचं तर जिवाशी खेळ. न्यायचं तर ज्या बाईने वादळालाही भीक घातली नाही तिला उचलून चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवायचं. अनीश मला म्हणाला, ‘काका, आईला विचारल्याशिवाय मी नेणार नाही. तिला जे हवं तेच करू.’ मला त्या क्षणी त्याचं फार कौतुक वाटलं.

पण विचारायचं कसं? ‘पुण्याला येणार का?’ म्हटलं की बाई मान डोलवायच्या. ‘इथेच राहणार का?’ म्हटलं तरी डोलवायच्या. ‘चहा हवा?’ हो. ‘चहा नको?’ तेही हो. हो आणि नाही त्यांच्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले होते, आणि ते मिसळलेत हे त्यांना कळत असावं, कारण मान डोलवताना त्या कपाळाला आठ्या घालायच्या. अनीशने मोबाइलवर एक फोटो पुण्याच्या घराचा आणि एक वाडीचा असे पुढे धरले. बाईंनी डाव्या हाताचं बोट दोन्हींवरून फिरवलं, मग मोबाइलच्या काळ्या कडेवरून फिरवलं. लिहिता येत नव्हतंच. एकदा वाडीचं नाव निघाल्यावर त्या रडल्या, तर मी म्हटलं, बघ, हे उत्तर. सूनबाई आश्लेषा हळूच म्हणाली, ‘काका, त्या काल टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीलाही रडल्या.’ डॉक्टरांनी तेही सांगून ठेवलं होतं, रडण्या-हसण्यावर जाऊ नका म्हणून. म्हणजे माणसाला माणूस कळण्याच्या जेवढ्या वाटा आहेत तेवढ्या सगळ्या बंद.

उरली ती कविता. मग आम्ही शिकलेल्या माणसांनी जे करायचं तेच केलं. अनीशने रजा टाकली आणि सुश्रुतला बोलावलं. सुश्रुत बाईंचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आता कॉलेजात इंग्रजी शिकवतो. तो संध्याकाळी आला, बाईंच्या पाया पडला आणि ओटीवर बसला. आम्ही सगळे झोपाळ्याभोवती गोळा झालो. कोकिळेने तुळशीपाशी दिवा लावला. अनीश आईसमोर गुडघ्यांवर बसून म्हणाला, ‘आई, खरं सांग. इथे राहायचंय की माझ्याबरोबर यायचंय?’

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग नजर दिव्याकडे गेली आणि त्या डोलत म्हणू लागल्या. कविता संपेपर्यंत कुणी हललं नाही. संपल्यावर सुश्रुतच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला, ‘ही निरोपाची कविता. घर सोडून निघालेला माणूस मागच्यांना सांगतो, दार लोटून घ्या, माझ्यासाठी ते उघडं ठेवू नका, मी सुखाने चाललो आहे.’ पुढे तो कवीवर बराच बोलला. त्याने इंग्रजी कवितेला दरबारातून काढून साध्या माणसाच्या अंगणात कसं आणलं, त्याच्यामागून आलेल्या कवींवर त्याची सावली कशी पडली, वगैरे. मला ते ऐकायला चक्क गोड वाटलं. ‘बाईंनी याहून स्पष्ट आणखी काय सांगायचं?’ सुश्रुत म्हणाला.

अनीशने आईचा हात गालाला लावला. ‘येतेय ती,’ तो म्हणाला. सगळ्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं, माझ्याही. उगाच खोटं कशाला बोलू? निर्णय झाला होता आणि तो बाईंनीच दिला होता, यापरतं सुख नव्हतं. आश्लेषाने पोहे आणले. बशी माझ्यापुढे आली तशी मी म्हटलं, ‘मला नको, आज गुरुवार. उपास आहे.’

उपासाचे वार. शिक्षकांच्या खोलीतलं ते हसणं मला इतक्या वर्षांनी जसंच्या तसं ऐकू आलं.

पण तेव्हा खात्री नव्हती. घरी जाऊन विचार करत बसलो. बर्फाची कविता आदल्या दिवशी ऐकली होती, तो बुधवार. ही निरोपाची मागे एकदा ऐकली तेव्हा आमच्या हिने माझ्यासाठी उपासाचं थालीपीठ झाकून ठेवलं होतं. शाळेतही शुक्रवारी शेवटच्या तासाला बाई वीज पडलेल्या झाडाची कविता गुणगुणत वह्या तपासायच्या. म्हणजे आजारानेही वडिलांचं वेळापत्रक मोडलं नव्हतं. अनीशने सोमवारी विचारलं असतं तर सोमवारची आली असती. बाईंनी उत्तर दिलंच नव्हतं. दिवा लागला आणि परवचा झाला, बस.

सकाळी मी जाऊन अनीशला हे सांगितलं. तो बॅगा भरत होता. सुश्रुत मुक्कामाला होता, तो म्हणाला, ‘सर, योगायोग असेल. भावना बघा ना त्यातली.’ माझं डोकं तडकलं. ‘भावना तू परीक्षेत बघ,’ मी म्हटलं. ‘आज शुक्रवार. आज संध्याकाळी बाई झाडाची कविता म्हणतील. त्यांना काहीही विचारा, जेवणार का विचारा, उत्तर झाडच येईल. नाही आलं तर मी जन्मात तोंड उघडणार नाही.’

संध्याकाळी पुन्हा सगळे ओटीवर जमले. दिवा लागला. अनीशने कालचाच प्रश्न विचारला, अगदी त्याच शब्दांत. बाईंनी दिव्याकडे पाहिलं आणि झाडाची कविता म्हणायला घेतली. वीज पडते, फांद्या जातात, खोड उभं राहतं. शेवटची ओळ संपली तेव्हा मी सुश्रुतकडे असं पाहिलं की शाळा असती तर तो बाकावर उभा राहिला असता.

‘पटलं?’ मी अनीशला म्हटलं. ‘कवितेला अर्थ आहे, पण तो तुझ्या आईच्या मनातला नव्हे. ती वाराची कविता आहे. तिचा अर्थ लावून आईला हलवू नकोस.’

अनीश म्हणाला, ‘पटलं काका. पण मग मला एक सांगा. मान खोटी, रडणं खोटं, बोट खोटं, आणि कविताही खोटी. आता तिला काय हवंय ते मला कशावरून कळायचं?’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कालपर्यंत बाईंजवळ बोलायला एक गोष्ट होती, निदान आम्हांला तसं वाटत होतं. ती मी सगळ्यांदेखत, साक्षीपुराव्यानिशी खोटी पाडली होती. बाई झोपाळ्यावर बसून आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होत्या. त्यांना किती कळत होतं देव जाणे. मला वाटतं, सगळं कळत होतं. पण मला असं वाटतं याला आता काही किंमत उरली नव्हती.

‘म्हणजे ठरवायचं मलाच आहे,’ अनीश म्हणाला, आणि पुढे अगदी हळू, ‘मी तिला तिथे नेतो. निदान माझ्या डोळ्यांसमोर असेल.’ यात चूक कुठे होती? मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

शनिवारी सकाळी गाडी निघाली. आश्लेषाने बाईंना मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. नव्या पोफळींना यंदा पहिल्यांदाच फळ धरलं होतं. कोकिळेने त्यातला एक हिरवा घड तोडून बाईंच्या मांडीवर ठेवला. बाईंनी तो डाव्या हाताने धरला. मी खिडकीपाशी गेलो. काहीतरी खवचट बोलावं, म्हणजे नेहमीसारखं होईल, असं मनात होतं. ‘इंग्रजीवाल्या बाई,’ एवढंच म्हटलं. बाईंनी तोंड उघडलं. ‘ता,’ म्हणाल्या. ‘ता, ता, ता.’ गाडी वळणाआड गेली तरी कोकिळा घरापुढच्या खळ्यात उभी होती.

पुण्याहून अनीश दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा. कोकिळा तेवढ्यासाठी आमच्याकडे येऊन बसायची. बाई नीटनेटक्या दिसायच्या. केस विंचरलेले, मागे पांढरी भिंत. बोलायला शिकवणारी बाई रोज येऊन त्यांच्याकडून ‘प, फ, ब’ करून घेते, असं अनीश सांगायचा. मग बाई रविवारची कविता म्हणायच्या. ती समुद्राची आहे. घरापासून दूर गेलेला एक मुलगा भरतीच्या पाण्याला विनवतो, मला आईच्या पायरीपर्यंत नेऊन सोड, पुढचं मी बघतो. सातांपैकी मला आवडायची ती हीच एक, भांडणाच्या भरात मी तसं कधी कबूल केलं नाही एवढंच. कोकिळेलाही हीच सगळ्यात चांगली यायची. वर्गात हिचा अर्थ कोळीवाड्यातल्या पोरांना कुणी सांगावा लागला नव्हता.

दिवाळीनंतर एकदा अनीशने मंगळवारीच फोन केला. विहिरीच्या पंपाबद्दल काहीतरी विचारायचं होतं. कोकिळा नेमकी मासळी द्यायला आली होती. पंपाचं बोलून झालं आणि अनीशने फोन बाईंकडे वळवला. दिवेलागणीची वेळ होती. बाईंनी मला पाहिलं, कोकिळेला पाहिलं, आणि म्हणायला सुरुवात केली. मी कान टवकारले. ती समुद्राची होती.

‘अनीश,’ मी म्हटलं, ‘आज मंगळवार ना रे?’

‘हो काका, तेच सांगणार होतो. महिना झाला, रोज ती हीच म्हणते. सकाळी, दुपारी, केव्हाही. बाकीच्या सहा बहुधा गेल्या.’

ज्या बाईने बालपणापासून, नवरा गेला तेव्हा, वादळात, झटक्यात वार चुकवला नाही, ती तो आता चुकवत होती. सकाळी, दुपारी, दिव्याची वाट न पाहता. ‘गेल्या नाहीत रे,’ मी म्हटलं. ‘ती बोलतेय. तिला घरी यायचंय. अनीश, ऐक माझं, या वेळी ती खरंच बोलतेय.’

अनीश रागावला नाही. रागावला असता तर मला भांडता आलं असतं. तो समजुतीने म्हणाला, ‘काका, तुम्हीच तर मला दाखवून दिलंत. कवितेचा अर्थ लावून आईला हलवू नकोस म्हणालात. मी तुमचं ऐकलं. डॉक्टरही म्हणतात, वाराचं भान सुटत चाललंय. आता इतकी सवय झालीय तिला इथली, पुन्हा तो प्रवास नको.’

चाळीस वर्षं मी पोरांना शिकवलं होतं की कवीला काय सुचवायचं आहे, आणि एकदाच, जिथे ते ओळखायला हवं होतं तिथे, काहीच सुचवायचं नाही असं मीच सिद्ध करून आलो होतो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आणि मारुती असा, की आता हलवता हलत नाही.

पलीकडे अनीश आईजवळ वाकला. फार मायेने, लहान मुलाला चुकलेला पाढा सांगावा तसं तो म्हणाला, ‘आई, आज मंगळवार आहे गं. मंगळवारची म्हण. घुबडाची, आठवते ना?’

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या फोनमधून सरळ माझ्याकडे पाहत होत्या. कपाळाला आठी, ओठ घट्ट, माझ्या एखाद्या फाजील विनोदावर चिडायच्या तशा. मग त्यांनी समुद्राची कविता पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू केली, मघापेक्षा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, वर्गातल्या ढ पोराला सांगावं तशी. या वेळी त्या डोलत नव्हत्या.

‘बघा,’ अनीश म्हणाला. ‘विसरली.’

माझ्या शेजारी कोकिळेने पदराला हात पुसले आणि पुढची ओळ बाईंच्या आवाजात आवाज मिसळून म्हणायला लागली. मला एकही शब्द बोलता आला नाही, माझ्या भाषेतलासुद्धा. मी फोन धरून बसून राहिलो, आणि कविता संपल्यावर बाई ती परत म्हणू लागल्या.